ज्याचा पाय, त्याचा हात

सुलभा,

तू गेल्याचा फोन तुझ्या लेकीनं केला, तेव्हा माझ्या मनात पहिला शब्द आला तो "सुटली" असा. वाईट वाटून घेऊ नकोस. रडू नंतर आलं, भरपूर आलं, स्वयंपाकघरात ओट्याला धरून आलं. पण पहिला शब्द तोच. आजारातून सुटलीस म्हणावं तर तू आजारी नव्हतीसच. माझ्या प्रश्नातून सुटलीस. चाळीस वर्षं मी तुला तेच ते विचारत आले आणि दर वेळी तू चहाचं आधण ठेवायला उठायचीस. या वेळी उठलीस ती परत आलीच नाहीस.

मी संशयी आहे हे साऱ्या नांदेडला ठाऊक आहे. दूधवाल्याच्या मापापासून डॉक्टरच्या निदानापर्यंत मी कशावरच चटकन विश्वास ठेवत नाही. तू म्हणायचीस, "वंदे, तुला देव भेटला तरी तू त्याला ओळखपत्र मागशील." मी म्हणायचे, "आम्ही देव मानत नाही, तेव्हा तो प्रसंग येणार नाही." मग तू हसायचीस आणि विषय तिथंच बुडायचा. विषय बुडवण्यात तुझा हात धरणारं कुणी नव्हतं. पण हा संशय मी जन्माला येताना बरोबर आणला नव्हता. तो मला त्या शाळेच्या हॉलमध्ये लागला, नववीत, आणि तुझ्यामुळंच लागला. निदान परवापर्यंत माझी तशी समजूत होती.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. नव्या कचेऱ्या भरायला माणसं हवी होती, म्हणून बाबांची नायगावहून तिकडं बदली झाली. साधे कारकून होते ते, पण घरी येऊन आईला असं सांगितलं की जणू जिल्हा त्यांच्यासाठीच केला आहे. त्या वर्षी पाऊस रुसला होता. आम्ही सामान घेऊन उतरलो तेव्हा घरमालकानं आधी पाण्याची वेळ सांगितली आणि नंतर भाडं. जातही विचारली, अर्थात. ती मधे, सहज विचारल्यासारखी.

शाळेत मी पहिल्यांदा पाहिलं ते तुझे पाय. तू भिंतीला टेकून हातांवर उलटी उभी होतीस आणि तशीच म्हणालीस, "नवी का गं तू? कुठली?" उलट्या तोंडानं कुणी माझी चौकशी केल्याची ती पहिलीच वेळ. मी नायगाव सांगितलं. "मग सरक तिकडं, मी खाली येऊन राहिले," म्हणालीस आणि धप्पकन गादीवर आलीस. काथ्याची जुनी गादी होती ती. आपण पडलो की तिच्यातून एवढी धूळ उठायची की हॉलच्या दुसऱ्या टोकाला गाणाऱ्या मुली खोकायला लागायच्या.

एकाच हॉलमध्ये दोन संसार होते ते. एका बाजूला व्यायाम मंडळ, दुसऱ्या बाजूला गीतमंच. गादीवाल्या आणि गळेवाल्या. गाण्याच्या बाई पेटी घेऊन बसायच्या आणि आपण कोलांट्या मारायचो. व्यायामाचे सर म्हणायचे, आकडे मोजू नका, गाणं ऐका. म्हणून आपण मनोरा गाण्यावर चढवायला शिकलो. धृपदाला चौघी एकमेकींचे दंड धरून घट्ट गोल करायच्या. पहिल्या कडव्याला तू त्यांच्या खांद्यांवर चढून उभी राहायचीस. दुसऱ्या कडव्याला मी तुझ्या खांद्यांवर. शेवटचं धृपद आलं की मी हात पसरून उभी, आणि गाणं थांबलं की खाली. आजही कुठं समूहगान लागलं की दुसऱ्या कडव्याला माझ्या टाचा उचलतात.

तुझे खांदे रुंद होते आणि मी काटकी होते, एवढंच आपल्या जोडीमागचं शास्त्र. सर हुशार होते, पण त्यांनी फक्त वजन बघितलं. कुणाचा पाय कुणाच्या खांद्यावर जातोय हे बघायचं त्यांच्या डोक्यातच आलं नसावं. माझ्या मात्र पहिल्या दिवशीच आलं. मी तुझ्यामागं उभी राहून विचारलं होतं, "चालतंय का?" तू म्हणालीस, "काय चालतंय का? चढ की." मी चढले.

तो खडूही आठवतो ना? वर्गावर्गांतले उरलेले खडू गोळा करून आपण वरवंट्यानं कुटायचो आणि पाय घसरू नये म्हणून तळव्यांना ती भुकटी चोळायचो. मंडळाचं आपलं पोलकं गडद निळं. सराव संपला की तुझ्या दोन्ही खांद्यांवर माझी दोन पावलं उमटलेली असायची, पाची बोटांसकट, पांढरी स्वच्छ. त्यावर सरांचा नियम होता : ज्याचा पाय, त्याचा हात. जिनं पाय ठेवला तिनंच नळावर जाऊन ओल्या हातानं तो पुसायचा, मगच घरी जायचं. मी रोज तुझे खांदे पुसायचे. तू नळापाशी मान वाकवून उभी राहायचीस आणि गार पाणी मानेवरून आत गेलं की किंचाळायचीस.

पुढं नळच कोरडा पडला. मैदानावर पाणी मारायचं बंद झालं, मग हौदाला कुलूप लागलं. शाळेत एक माठ भरायचा, तो गीतमंचाकडं. गळा सुकतो म्हणे. गादीवाल्यांना काय घाम येतो, गळा कुठं असतो! आपण रोज त्या माठाकडं संशयानं बघायचो. बाईंनी नव्या जिल्ह्यासाठी गाणं रचलं होतं, "नवा जिल्हा, नवी पहाट." त्याला तू मागून जोडायचीस, "नळाला पाणी, बघतोय वाट." बाईंनी ऐकलं तेव्हा साऱ्या गादीवाल्यांना हॉलबाहेर काढलं होतं.

पाणी गेलं तसा आपला नियमही गेला. मी कोरड्या हातानं तुझे खांदे झटकायचे. पण घामात कालवलेला खडू झटकून जातो होय! पाऊल फिकं व्हायचं, जायचं नाही. एक दिवस तू पोलकं काढून उलटं घातलंस आणि तशीच घरी निघालीस. मी विचारलं, "हे काय?" "फॅशन," म्हणालीस. शिवणी बाहेर काढून कुणी फॅशन करतं? तेव्हाच माझ्या मनात आलं की दुष्काळ असला तरी इथं कुठंतरी पाणी मुरतंय.

त्यानंतर दोन-चार दिवसांतलीच गोष्ट. तुझे वडील शाळेत येऊन सरांना भेटून गेले होते. मग सरांनी मला बाजूला बोलावलं. माझ्याकडं न बघता, शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत म्हणाले, "वंदना, तुझा आवाज चांगला आहे. उद्यापासून गीतमंचात जा." सुलभा, माझा आवाज! बाबा मला अंगाई म्हणू देत नसत, धाकटा भाऊ झोपेतून उठायचा. मी विचारलं, "मग वर कोण?" "सुलभा," ते म्हणाले. तुझ्या जागी मधे दुसरी एक दणकट मुलगी आली.

मी काय समजायचं होतं, तूच सांग. माझी जागा तुला मिळाली. दुसऱ्या दिवशी तू शेंगदाण्याचे दोन लाडू आणलेस आणि डोळे वर न करता माझ्या हातात कोंबलेस. खाई त्याला खवखवे, असं आई म्हणायची. मी ते लाडू घेतले आणि तुझ्या समोर हॉलच्या खिडकीतून बाहेर टाकले. तू हातावर लाडवाचा चुरा होता तो तेवढा झटकलास.

मी घरी काही सांगितलं नाही. पण बाबांना कळलं असावं. जेवताना म्हणाले, "गाणं शिक. गाण्यात कुणाला कुणाच्या डोक्यावर उभं राहावं लागत नाही." ते चूक होतं, हे मला गीतमंचात पहिल्याच दिवशी समजलं. बाईंनी मला मागच्या रांगेत उभं केलं, दोन ओळी ऐकल्या आणि हळूच सांगितलं, "तू ओठ हलव फक्त. आवाज काढू नको." माठातलं पाणी मात्र मिळालं. एक मुलगी वरून ओतायची आणि मी ओंजळीनं प्यायचे. बाकीच्या पेला बुडवून प्यायच्या. ह्यावर मी तेव्हा बोलले नाही, पुढं जन्मभर बोलत आले.

मग नव्या जिल्ह्याचं ते पहिलं सव्वीस जानेवारीचं झेंडावंदन. मैदान भरलेलं, साहेब लोक मांडवात, माती एवढी कोरडी की कवायतीला पाय आपटले तरी ढग उठायचा. मी मागच्या रांगेत ओठ हलवत होते आणि डोळे तुझ्यावर. धृपद झालं, गोल जमला. पहिल्या कडव्याला दणकट मुलगी वर. दुसऱ्याला तू चढलीस, न डगमगता. गुडघे तिच्या खांद्यांवर टेकलेस. आता उभी राहणार, हात पसरणार. शेवटचं धृपद आलं. तू बसलेलीच. बाईंनी डोळ्यांनी खूण केली, आम्ही धृपद पुन्हा म्हटलं. पुन्हा म्हटलं. तू गुडघ्यांवर बसलीस ती बसलीसच, हात मांड्यांवर ठेवून, शांत. लोक हसायला लागले. मांडवातल्या एका साहेबांनी टाळ्या सुरू केल्या तेव्हा कुठं बाईंनी गाणं थांबवलं. मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. सरांनी तुला सगळ्यांसमोर विचारलं, "काय झालं?" तू म्हणालीस, "चक्कर आली."

चक्कर! जी मुलगी शाळेच्या गच्चीच्या कठड्यावर हातांवर चालायची, तिला चक्कर.

तेव्हापासून माझे दोन प्रश्न तयार होते. तुझ्या खांद्यावर माझा पाय असतो हे तुझ्या घरी कुणी सांगितलं? आणि वर गेल्यावर उभी का नाही राहिलीस? दुसऱ्याचं उत्तर तू कायम "चक्कर" हेच दिलंस. पहिल्याचं एकदाच दिलंस. आपण दोघी नांदेडला आलो होतो, मी विष्णुपुरीच्या कॉलेजात नोकरीला, तू लग्न होऊन. भाजीबाजारात अवचित भेटलीस आणि मेथीची जुडी हातात असतानाच मी विचारलं. तू म्हणालीस, "समज, मीच सांगितलं. मग? बोलणार न्हाईस?"

मी बोलले. का बोलले ते मला अजून नीट सांगता येत नाही. त्या शहरात माझे पाय ओळखणारी तू एकटीच होतीस म्हणून असेल. पण ते "समज" मी कधी विसरले नाही. तुझ्या घरी आले, जेवले, तुझ्या लेकीच्या बारशाला पाळण्याची दोरी ओढली, आणि मनात कुठंतरी म्हणत राहिले, हिनंच सांगितलं. तुझे वडील गेल्यावर तुझ्या आई, माझ्या काकू, तुझ्याकडं राहायला आल्या. त्यांनी मला हळूहळू जीव लावला. माझ्या मुलाच्या परीक्षेला दही-साखर त्यांच्या हातची असायची. मी आले नाही तर त्या तुला विचारायच्या, "वंदी कामून आली न्हाई?" आणि नेमका त्यांच्या समोर मी शाळेचा विषय काढला की तू टीव्हीचा आवाज वाढवायचीस. नाहीतर मला कोथिंबीर आणायला पिटाळायचीस, घरात जुडी पडलेली असताना. मी म्हणायचे, बघा, आईसमोर उघडं पडायची भीती वाटते हिला.

तुला शेवटची आंघोळ घालताना तुझ्या लेकीनं तांब्या माझ्याही हातात दिला. तुझ्या सासरच्या एक बाई माझ्याकडं बघत होत्या. त्या बघण्याचा अर्थ लावायचा नाही असं मी ठरवलं, आणि लावला. पाणी मी तुझ्या खांद्यावर ओतलं. हात आपोआप फिरला, आधी डावा खांदा, मग उजवा. तू किंचाळली नाहीस, तेव्हा मला खरं वाटलं की तू गेलीस.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी पिठलं-भाकरी घेऊन तुमच्याकडं गेले. तुझी लेक आत आवरत होती. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. दोन दिवस त्या जेवल्या नव्हत्या म्हणे. मी भाकरी कुस्करली, त्यांनी माझ्या हातून घास घेतला, मग दुसरा घेतला, आणि त्यांना बोलावंसं वाटलं. लेक गेलेल्या बाईला लेकीचं लहानपणच आठवतं.

"लई हट्टी कार्टी व्हती गं," त्या म्हणाल्या. "एकदा साळंतून आली ती पोलकं उलटं घालून. म्हणलं, कामून गं उलटं? तर म्हणती, फॅशन हाय. मी काढून सुलटं केलं. खांद्यावर ह्ये एवढं पांढरं पाऊल!"

माझा हात ताटलीतच थांबला.

"मी म्हणलं, कुणाचा पाय हाय ह्यो? तर म्हणती, माझाच हाय. आन् चुलीपुढं बसली की! डावा पाय उचलला आन् ठेवला आपल्याच खांद्यावर. दोरीवाणी वाकायची बग ती. मला हसूच आलं." काकू खरंच हसल्या, पदरानं डोळे पुसत हसल्या. "पर मी काय येडी हाय? पोलक्यावरली बोटं पुढं व्हती, छातीकडं. हिचा पाय हिनं ठेवला तर बोटं जातात पाठीकडं. म्हणलं, कार्टे, ह्यो दुसऱ्याचा पाय हाय. नाव सांग."

"सांगितलं?" मी विचारलं.

"छ्या! मार खाल्ला, फुकणीनं खाल्ला, पर नाव न्हाई सांगितलं. माझाच हाय, माझाच हाय, एवढंच. मग म्याच ह्यांना सांगितलं. ह्ये सकाळी साळंत गेले, तवा सरांकडून..."

आणि काकू थांबल्या. माझ्याकडं बघत राहिल्या.

सुलभा, चाळीस वर्षांच्या प्रश्नाचं उत्तर असं पिठलं-भाकरीवर आलं. आणि खरं सांगते, आधी मला तुझा राग आला. अजूनही आहे. तू फुंकणीचा मार खाल्लास, नाव सांगितलं नाहीस, त्याबद्दल मी तुझ्या पायावर डोकं ठेवीन. पण पुढं? आईचं नाव झाकायला तू स्वतःचं पुढं केलंस. आपलेच दात, आपलेच ओठ. मला कळलं तर मी काकूंच्या हातचा चहा सोडीन, असं वाटलं तुला? सोडलाही असता कदाचित. पण ते ठरवायचं मी होतं. मला काय पेलतं ते तू माझ्यासाठी ठरवून टाकलंस, सरांनी ठरवलं तसंच. एवढं मी तुला ऐकवणार होते. तू आधण ठेवायला उठली असतीस तर गॅस बंद करून ऐकवणार होते.

त्या चकरेबद्दलही माझा संशय गेलेला नाही. उलट वाढलाय. उभं राहायची जागा माझी, असं काही तुझ्या डोक्यात होतं का? विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस ते मला माहीत आहे. म्हणून विचारत नाही. मला तुझी आठवण येते गं. भांडायला दुसरं कुणी नाही, आणि खोटं इतक्या निष्ठेनं बोलणारं तर कुणीच नाही.

आत तुझी लेक भांडी लावत होती. काकूंनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात आता नुसत्या कातडीचा राहिलाय.

"वंदे, तुझाच व्हता न्हवं गं त्यो पाय?"

एक क्षण वाटलं, तुझं खोटं पुढं चालवावं. म्हातारीला या वयात, या दिवसांत, कशाला? तुला ते आवडलं असतं. पण तो पाय माझा होता, सुलभा. मी तो चोरून ठेवला नव्हता. चढ म्हणालीस म्हणून ठेवला होता.

"हाव काकू," मी म्हणाले. "माझाच."

त्यांनी मान हलवली. ताटलीतला भाकरीचा तुकडा उचलला, तसाच हातात धरून ठेवला. मग विचारलं, "पडली तर न्हाईस ना कदी?"

"न्हाई," मी म्हणाले. "ती हलायचीच न्हाई, काकू."